कंडक्टर, वाघांचं रान आणि बेअर ग्रिल्स

बेंगळुरूच्या बसमध्ये तिकिटं फाडणारा शिवाजीराव गायकवाड वयाच्या ६९व्या वर्षी टीव्हीवर पहिला कार्यक्रम करायला निघाला, तो थेट वाघांच्या रानात! १९५० साली बेंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेला हा कंडक्टर म्हणजे तमिळ सिनेमाचा सुपरस्टार, 'थलैवा' रजनीकांत. घराण्याचं मूळ गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार. कार्यक्रम होता 'इंटू द वाइल्ड विथ बेअर ग्रिल्स', रानात तग धरून दाखवणाऱ्या ब्रिटिश ग्रिल्सचा.

शूटिंग झालं जानेवारी २०२० मध्ये, कर्नाटकातल्या बंदीपूरला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. इथल्या हायवेवर रात्री नऊ ते सकाळी सहा सर्वसाधारण वाहनांना बंदी असते, रात्र जनावरांची! रजनीने उंच लोखंडी पूल ओलांडला, पाणी वाचवण्याबद्दल तळमळीने बोलला आणि ग्रिल्सला गॉगल फिरवायची आपली लकबही शिकवली.

एपिसोड दिसला २३ मार्च २०२० ला. आदल्या दिवशी कोरोनामुळे जनता कर्फ्यू, दुसऱ्या दिवशी रात्री लॉकडाउनची घोषणा. अख्खा देश घरात कोंडला जात होता आणि थलैवा रानात मोकळा हिंडत होता!

रजनीचं शूटिंग झालं त्याच जानेवारीत याच बंदीपुरात, याच कार्यक्रमासाठी अक्षय कुमारही येऊन गेला. त्याला मिळाला हत्तीच्या लिदीचा चहा! हत्ती खातो त्यातलं निम्म्याहून जास्त न पचताच बाहेर पडतं, त्यामुळे लिदीत झाडपाल्याचा चोथाच भरलेला असतो. तरी घरी प्रयोग नको.

ग्रिल्सच्या धाडसाबद्दल शंका नको. १९९६ मध्ये पॅराशूट अपघातात त्याचे मणके मोडले, आणि १९९८ मध्ये, २३व्या वर्षी, तो एव्हरेस्टवर उभा होता. पण त्याच्या आधीच्या 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' या कार्यक्रमाच्या शूटिंगमधल्या काही रात्री त्याने हॉटेलात काढल्याचं २००७ मध्ये उघड झालं आणि चॅनेलला पडद्यावर खुलासा द्यावा लागला. याउलट असाच कार्यक्रम करणारा कॅनडाचा लेस स्ट्राउड कॅमेरे स्वतःच उचलून एकटा जायचा. शिकायचं असेल तर मला स्ट्राउड जवळचा वाटतो. त्याच्याकडे उड्या कमी आणि वाट पाहणं जास्त, आणि हरवलेल्या माणसाचं काम बहुतेक वेळा तेच असतं. एका जागी थांबा, सावली धरा, शिट्टी वाजवा. जाण्याआधी घरी वाट सांगून ठेवली असेल तर शोधणारे लवकर पोचतात.

टीव्हीवरचं काय उचलू नये? स्वतःची लघवी पिणं. तिच्यातले क्षार बाहेर टाकायला शरीराला उलट जास्त पाणी लागतं. साप चावल्यावर जखम कापणं-चोखणं तर मुळीच नको; चावलेला भाग हलू न देता दवाखाना गाठायचा. समोर दिसेल ते जनावर मारून खाणं आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि शेकोटी? तीही नको. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूरचं रान वणव्यात होरपळलं. वर्षभराने, कोरडे दिवस तोंडावर असताना तिथे कॅमेरे आले तेव्हा पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. तो मला रास्त वाटतो.

रानात जगणं खरं ठाऊक आहे ते इथल्या माणसांना. बंदीपूरच्या भागातले जेनू कुरुब आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या उंच झाडांवर चढून आग्यामोहोळाचा मध काढतात. बंदीपूरच्याच चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरीरंगन डोंगरांतल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतही सामूहिक वनहक्क मिळाले. रानात जगायचं कसं हे दाखवणारा पुढचा एपिसोड या आदिवासींच्या हाती द्यावा, आणि रजनीने त्यांच्या मागून चालावं!