राग खरा, प्रसंग खोटा

समजा, एखाद्या महाविद्यालयातील संशोधक तुमच्या शाळेत आले आणि नववीच्या वर्गात त्यांनी एक प्रश्नावली वाटली. ‘मला पटकन राग येतो’, ‘दुसऱ्याला रडताना पाहिले की मलाही रडू येते’ अशी वीस-पंचवीस विधाने आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच चौकटी. मुलांनी खुणा केल्या, कागद परत दिले, तास संपला. मुलांच्या दृष्टीने ती आणखी एक चाचणी होती. प्रत्यक्षात ती एका संशोधनात सहभागी झाली होती. पण हे त्यांना कोणी सांगितले होते का? ‘नको’ म्हणता येते, हे त्यांना ठाऊक होते का?

हा प्रश्न राग आणि समानुभूती यांच्या अभ्यासात विशेष अवघड होतो. समानुभूती म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याला काय वाटत असेल ते अनुभवणे. सहानुभूतीत आपण दुसऱ्यासाठी हळहळतो. संशोधक पुष्कळदा या दोन्ही छटा एकत्रच अभ्यासतात.

अडचण कुठे आहे?

पट्टीने वहीची लांबी मोजली म्हणून वही लांब किंवा आखूड होत नाही. भावनांचे तसे नाही. ‘तुला राग येतो का?’ असे विचारले की माणूस सावध होतो आणि स्वतःला जरा बरे दाखवतो. शिवाय बाकावर शांत बसून रागाविषयी दिलेले उत्तर ही रागाची आठवण असते, राग नव्हे. खरा राग पाहायचा तर तो आणावा लागतो. आणि ‘आता आम्ही तुम्हाला राग आणणार आहोत’ असे आधी सांगितले, तर तो येत नाही. म्हणून संशोधक खोटा प्रसंग रचतात. प्रसंग खोटा असला तरी त्यातून येणारा राग मात्र खराच असतो. तीन प्रसिद्ध प्रयोगांवरून हे स्पष्ट होईल.

स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांचा प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यात १८४ विद्यार्थी सहभागी होते. त्यांना सांगण्यात आले, की एका जीवनसत्त्वाचा दृष्टीवर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना एपिनेफ्रिन (म्हणजेच अ‍ॅड्रेनलिन) टोचले होते. त्याने छाती धडधडते, हात थरथरतात. काहींना हे परिणाम आधी सांगितले होते, काहींना नाही. त्यानंतर काहींना एक लांबलचक प्रश्नावली भरायला बसवले. त्यातले प्रश्न पुढेपुढे अपमानास्पद होत जात आणि अखेरीस थेट आईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवत. शेजारी बसलेला ‘दुसरा विद्यार्थी’ संतापून कागद फाडत असे. तो संशोधकांचाच माणूस होता. शरीर का धडधडते आहे हे ज्याला कळत नाही, तो आजूबाजूच्या प्रसंगावरून आपल्या भावनेला नाव देतो, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या संशोधकांना तो पूर्णपणे पडताळता आला नाही. पण आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. त्या विद्यार्थ्यांना शरीरात काय टोचले जात आहे हेही खरे सांगितले नव्हते. असा प्रयोग आज नैतिकता समितीपुढे मंजूर होणे फार कठीण आहे.

दुसरा प्रयोग ब्रॅड बुशमन यांचा, २००२ सालचा. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ६०० विद्यार्थ्यांनी एक निबंध लिहिला. दुसऱ्या विद्यार्थ्याने तपासल्याचे भासवून तो अत्यंत वाईट शेऱ्यासह परत दिला. मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले. मारताना शेरा देणाऱ्याचा विचार करायचा होता. काहींनी ठोसे मारताना व्यायामाचा विचार करायचा होता. तिसरा गट दोन मिनिटे नुसता शांत बसला. ‘राग बाहेर काढला की मन मोकळे होते’ असे आपण नेहमी ऐकतो. निष्कर्ष उलटा निघाला. शत्रू डोळ्यांपुढे आणून ठोसे मारणारे सर्वांत जास्त रागावलेले राहिले, आणि नंतर ‘प्रतिस्पर्ध्याला’ कर्कश आवाज ऐकवण्याची संधी मिळाली तेव्हा सर्वांत आक्रमक तेच ठरले. सर्वांत कमी आक्रमक ठरला तो नुसता बसलेला गट. वर्गात चिडलेल्या मुलाला ‘उशीवर राग काढ’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरा प्रयोग समानुभूतीचा. १९८१ साली डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठात ४४ विद्यार्थिनींना पडद्यावर एलेन नावाची मुलगी दाखवली. तिला विजेचे धक्के बसत आहेत आणि ती कासावीस होते आहे, असे दृश्य होते. प्रश्न असा, की तिच्या जागी उरलेले धक्के तुम्ही घ्याल का? प्रत्येक गटात ११ जणी होत्या. ज्यांना पाहणे लवकर थांबवून निघून जाता येत होते आणि एलेन आपल्यापेक्षा वेगळ्या विचारांची आहे असे सांगितले होते, त्यांपैकी फक्त १८ टक्के तयार झाल्या. निघून जाणे तितकेच सोपे, पण एलेन आपल्यासारखीच आहे असे वाटले, त्या गटात हेच प्रमाण ९१ टक्के होते. खरे तर एलेनला धक्के बसतच नव्हते. ती ध्वनिचित्रफीत होती. ‘हो’ म्हणणाऱ्या मुलींनाही धक्का द्यायचा नव्हता. त्यांचे धैर्य मात्र खोटे नव्हते. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुली स्वतःबद्दलची एक अप्रिय गोष्ट कळून घरी गेल्या.

खुलासा पुरेसा असतो का?

म्हणूनच प्रयोगानंतर सहभागींना सर्व खरे सांगावे लागते. हा केवळ शिष्टाचार नव्हे. ली रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली काही विद्यार्थ्यांना एका कामात खोटे गुण देऊन ‘तुम्ही यात फार चांगले’ किंवा ‘फार वाईट’ असे सांगितले. मग ‘हे गुण खोटे होते’ असा खुलासा केला. तरीही विद्यार्थी स्वतःला त्या गुणांप्रमाणेच हुशार किंवा मठ्ठ समजत राहिले. अशी समजूत मनात का टिकून राहते हेही जेव्हा सविस्तर समजावले, तेव्हाच ती निघाली. ‘अरे, गंमत केली’ एवढे म्हटल्याने जखम भरत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बाबतीत नियम हळूहळू घडत गेले. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य मानली. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने वैद्यकीय संशोधनाची तत्त्वे मांडली. २०२४ साली त्यात सुधारणा झाली, तेव्हा ज्याच्यावर प्रयोग होतो तो केवळ ‘विषय’ न म्हणवता ‘सहभागी’ म्हणवला जावा, असा शब्दबदल करण्यात आला. बदल एका शब्दाचा आहे, पण त्यात सारे आले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढील मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. म्हणजे मुख्याध्यापकांची सही ही मुलाच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी संशोधक वर्गात आले, तर आपण चार गोष्टी विचाराव्यात. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? मुलांची नावे उत्तरांना जोडली जाणार आहेत का, आणि ती कोण पाहणार? मुलाला मध्येच सोडता येईल का? एखादे मूल अस्वस्थ झाले तर पुढे काय? उत्तरे समाधानकारक असतील तर आनंदाने सहकार्य करावे, कारण सहभागींवाचून हे ज्ञान मिळत नाही. मात्र प्रश्नावली चालू असताना आपण बाकांमधून फिरू नये. शिक्षक मागे उभे असताना ‘मला राग येत नाही’ हेच उत्तर बहुधा मिळणार!

करून पाहा

वर्गात कोणाला मुद्दाम चिडवून प्रयोग करू नये. त्यासाठी लागणारी खबरदारी आपल्याजवळ नसते. त्याऐवजी प्रत्येकाने एक आठवडा स्वतःच्या रागाची नोंद ठेवावी. काय घडले, शरीराला काय जाणवले, मी काय केले, आणि समोरच्याला त्या वेळी काय वाटले असेल? वही कोणीही तपासायची नाही. आठवड्यानंतर ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांनीच बोलावे. ज्याला बोलायचे नाही त्याचे मौन कोणी मोडू नये. संमती म्हणजे काय, याचा तो पहिला पाठ होईल.