वर्तुळात मांडलेला संसार

परळ-लालबागच्या गिरणगावात एके काळी भोंग्याच्या आवाजाने दिवस उगवत असे. त्या काळच्या कामगाराचा पैसा कोठे खर्च होई? मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शेकडा खर्चाची वाटणी अशी आढळली : अन्न ५६.८, कपडे ९.६, घरभाडे ७.७, सरपण व दिवाबत्ती ७.४ आणि इतर १८.५.

हे आकडे वृत्तालेखात मांडले म्हणजे बोलू लागतात. वर्तुळाच्या केंद्राभोवती ३६० अंश असतात; तेव्हा खर्चाच्या एका शेकड्यास ३.६ अंश मिळतात. ५६.८ ला ३.६ ने गुणले असता अन्नाचा कोन सुमारे २०४ अंश येतो. अर्धवर्तुळाकार कोनमापकाने तो एकदम मोजता येत नाही. म्हणून प्रथम व्यास काढावा व त्यापुढे आणखी २४ अंश मोजावेत. नंतर कपड्यांसाठी ३५, भाड्यासाठी २८ आणि सरपण-दिवाबत्तीसाठी २७ अंशांच्या पाकळ्या आखाव्यात. उरलेली ६६ अंशांची पाकळी इतर खर्चाची होय.

आता आकृती पाहा. अन्नाची पाकळी व्यास ओलांडून पलीकडे गेली आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक पैसा केवळ पोटासाठी लागत होता. औषधपाणी, शिक्षण, प्रवास यांना उरल्यासुरल्या जागेतच सामावून घ्यावे लागे. एकूण रुपये किती, हे वृत्तालेख सांगत नाही. परंतु संसाराची ओढाताण तो एका दृष्टिक्षेपात दाखवितो.