खेळ शिकवणारा मास्तर

वाचकहो, गावच्या जत्रेत कुस्तीचा फड लागला, की पैलवान कोणत्या तालमीचा आणि त्याचा वस्ताद कोण, याची चौकशी आधी होते. क्रिकेटच्या बाबतीत मात्र ही रीत आपण विसरलो आहोत. कोणी किती धावा काढल्या, हे पोरासोरांना तोंडपाठ असतं. त्या खेळाडूच्या हातात बॅट सरळ कोणी धरवली, हे सहसा कोणी विचारत नाही. आज त्या न विचारलेल्या माणसाविषयी थोडं बोलू या.

प्रशिक्षक म्हणजे नेमकं काय काम करतो? सामान्य समजूत अशी, की तो चेंडू कसा टाकावा, फटका कसा मारावा, हे शिकवतो. हे खरं, पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं समजण्यासाठी क्षणभर अमेरिकेत जाऊ. तिकडे बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या चेंडूफळीचा लांबचा भाऊबंदच म्हणा. तिथल्या कॉलेजांत बेसबॉलचा कोच ही मानाची जागा असते. त्याचं मोठं काम मैदानाबाहेर चालतं. गावोगावच्या शाळांचे सामने पाहायचे, गुणी मुलगा हेरायचा आणि शिष्यवृत्ती देऊन त्याला कॉलेजात आणायचं. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना बरीच वर्षे एका संघामागे ११.७ शिष्यवृत्त्या एवढीच मर्यादा होती. आता मुलांचे काही दशांश करता येत नाहीत! म्हणून कोच शिष्यवृत्तीचेच तुकडे करी. कोणाला अर्धी, कोणाला पाव, अशी ती वाटली जाई. २०२५ साली हा नियम बदलला.

या कोच मंडळींत रॉड डीडो हे नाव मोठं. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४२ ते १९८६ या काळात त्यांनी संघ घडवला आणि ११ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं. त्यांचा पगार वर्षाला एक डॉलर, म्हणजे नावापुरताच. पोटापाण्यासाठी त्यांचा मालवाहू ट्रकचा धंदा होता.

आपल्याकडे मुलगा हेरण्याचं हे काम बहुतेक वेळा शाळेतच होतं. मुंबईत हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालत आल्या आहेत. मालवणात १९३२ साली जन्मलेल्या रमाकांत आचरेकरांनी दादरच्या शारदाश्रम शाळेत आणि शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरला घडवलं, हे आपण जाणताच. स्वतः आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. तेव्हा मोठा खेळाडू तोच मोठा गुरू, असा काही नियम नाही.

परंतु आजची आपली गोष्ट दादरची नाही. ती त्याच्या बरीच उत्तरेला, बोरिवलीला घडली. तिथल्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये दिनेश लाड हे क्रिकेटचे प्रशिक्षक होते. १९९९ सालच्या सुमारास एका सामन्यात त्यांना बारा वर्षांचा एक ऑफस्पिन टाकणारा मुलगा दिसला. वडील एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामावर कामाला, आईवडिलांचा संसार डोंबिवलीत एका खोलीत. म्हणून मुलगा बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे राहत होता. काकांनीच पैसे भरून त्याला क्रिकेटच्या शिबिरात घातलं होतं.

लाड सरांनी सुचवलं, की याला आमच्या शाळेत घाला. पण फी महिना २७५ रुपये. घरच्यांनी सांगितलं, की एवढं आम्हाला झेपणार नाही. इथे गोष्ट संपू शकली असती, आणि कितीतरी मुलांची गोष्ट इथेच संपते. सरांनी शाळेच्या चालकांकडे शब्द टाकला आणि फी माफ करून घेतली. चार वर्षे त्या मुलाला एक पैसाही भरावा लागला नाही. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण शिक्षकांसाठी तो फार मोलाचा आहे. लाड सरांनी रोहितला आणलं ते गोलंदाज म्हणून. फलंदाजीला तो आठव्या क्रमांकावर येई. एके दिवशी शाळेच्या फाटकापाशी एक मुलगा सरळ बॅटने चेंडू खेळताना सरांना दिसला. पाहतात तो रोहित! मग सरांनी त्याला सलामीला पाठवलं आणि सलामीच्या पहिल्याच शालेय सामन्यात त्याने शतक ठोकलं. म्हणजे पारखी माणसाचाही पहिला अंदाज अपुरा होता. पण तो आपल्या अंदाजाला चिकटून बसला नाही. एकदा ‘हा अमुक’ असा शिक्का मारला, की आपण त्या मुलाकडे पुन्हा बघतच नाही. सरांनी पुन्हा पाहिलं. पुढे १३ नोव्हेंबर २०१४ रोजी कोलकात्याला श्रीलंकेविरुद्ध याच मुलाने एका डावात २६४ धावा काढल्या, आणि २०२४ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला.

दुसरा मुलगा पालघरचा, शार्दूल ठाकूर. लाड सरांच्याच शाळेविरुद्ध तो असा खेळला, की सरांनी त्याला आपल्याकडे बोलावलं. पण पालघर ते बोरिवली पन्नासाहून अधिक किलोमीटर. लोकल डहाणूपर्यंत गेली ती २०१३ साली. त्याआधीचा प्रवास आणखी कठीण. एवढं अंतर रोज तुडवून मुलाचं शिक्षण कसं व्हायचं, ही आईबापांची शंका रास्तच होती. तेव्हा सरांनी मुलाला स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं, जवळजवळ वर्षभर. मुंबईच्या घरात आणखी एक ताट वाढणं म्हणजे काय, हे ज्याने तिथे संसार केला त्यालाच कळेल. आणि तो भार एकट्या सरांनी नव्हे, सगळ्या घराने उचलला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत शार्दूलने ६७ धावा काढल्या आणि दोन डावांत मिळून ७ बळी घेतले.

दिनेश लाड यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पुराणातल्या द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला होता. या द्रोणाचार्यांनी मात्र काही मागितलं नाही. उलट फी माफ करून आणली आणि घरात जागा दिली.

अर्थात सर्वच मुलं रोहित होत नाहीत. शेकडो मुलं सराव करतात आणि पुढे नोकरीधंद्याला लागतात. त्यांचं काही वाया जात नाही; वेळेवर उठणं, हार पचवणं, दुसऱ्याच्या शतकाला टाळ्या वाजवणं, हे ती घेऊन जातात. पण ज्याच्यात खरोखर काही आहे, असा मुलगा मैदानावर क्वचितच हरवतो. तो हरवतो फीच्या खिडकीपाशी, नाहीतर रेल्वेच्या तिकिटापाशी.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या शाळेच्या पटांगणात गेलात, की चेंडू कोण लांब मारतो एवढंच पाहू नका. काल खेळणारा कोणी मुलगा, कोणी मुलगी आज का आली नाही, हेही विचारा. उत्तर बहुधा खेळाचं नसेल. ते पायातल्या बुटाचं असेल, एसटीच्या भाड्याचं असेल, किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही, हे असेल. तेवढी अडचण दूर करता आली, तर निम्मं प्रशिक्षण तिथेच झालं असं समजा.