कापडाचे कोटे आणि पवनीचा माग

वैनगंगेच्या कांठच्या पवनीचें नांव रेशीमकांठी वस्त्रांनीं दूरवर नेलें. या गांवच्या कोष्ट्याच्या मागाचा आणि जिनिव्हा येथें चालणाऱ्या राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींचा संबंध काय, असें कोणी पुसेल. आमचें उत्तर असें कीं, संबंध निकटचा आहे. तो वेळीं ओळखला नाहीं तर नुकसान आपलेंच आहे.

परदेशी निर्बंध आपणांस नवे नाहींत. ज्या इंग्लंडानें १७०० व १७२१ सालीं कायदे करून छापील सुती कापडास आपल्या घरीं मज्जाव केला, त्याच इंग्लंडानें स्वतःच्या गिरण्या उभ्या राहतांच आम्हांस खुल्या व्यापाराचे पाठ दिले, आणि १८९६ सालीं हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन कर लादला. तो रद्द होण्यास १९२६ साल उजाडावें लागलें.

स्वराज्य आलें, तरी निर्बंध गेले नाहींत. त्यांनीं वेष मात्र पालटला. १९६१ सालीं सुती कापडापुरता एका वर्षाचा अल्पमुदतीचा करार झाला. पुढच्याच वर्षीं दीर्घमुदतीचा आला, आणि १९७४ पासून बहुतंतु करारानें लोकर व कृत्रिम धागाहि कवेंत घेतला. कोणत्या देशानें कोणतें कापड किती पाठवावें, याचा कोटा श्रीमंत राष्ट्रें ठरवूं लागलीं. एका वर्षाचा म्हणून आलेला हा पाहुणा त्रेचाळीस वर्षें ओसरीवर बसला!

तो उठला कसा? विक्रेते देश आपापल्या कोट्यास चिकटून परस्परांशीं चढाओढ करीत होते, तोंवर त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. पुढें भारतासह विकसनशील देशांनीं जिनिव्हा येथें वस्त्रव्यापारासाठीं संयुक्त मंडळ स्थापिलें, एकत्र मागणी मांडली, आणि उरुग्वे फेरीच्या तडजोडींत १९९५ पासून दहा वर्षांत कोटे उठविण्याचें ठरलें. त्यांतहि मेख होतीच: पहिल्या तीन टप्प्यांत १६, १७ व १८ टक्के आयात मोकळी व्हावयाची, आणि उरलेली ४९ टक्के थेट शेवटीं. अखेर १ जानेवारी २००५ रोजीं कोटे संपले.

आतां मागाकडे वळूं. बहुतंतु कराराच्या १२ व्या कलमांत कुटीरोद्योगांतील हातमागाच्या कापडास निर्बंधांतून सूट होती. अट एवढीच कीं, माल अस्सल हातमागाचा असल्याचें रीतसर प्रमाणपत्र हवें. पुराव्यावांचून हक्क पांगळा, हें कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासहि सांगावयास नको. यंत्रमागाचें कापड हातमागाचें म्हणून खपविणारा व्यापारी केवळ गिऱ्हाइकास फसवीत नाहीं. तो कोष्ट्याचा पुरावाच बुडवितो.

कोणी म्हणेल, आमचा माल समुद्रापलीकडे जातोच कोठें? परंतु परदेशाचें दार लागलें म्हणजे गिरण्यांचा व यंत्रमागांचा तुंबलेला माल घरच्याच बाजारांत उतरतो, आणि त्याचा भार प्रथम हातमागावर पडतो. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढविली, तेव्हां कोटे गेले तरी दारें लावण्याची वृत्ति गेली नाहीं, हें उघड झालें.

तेव्हां जिनिव्हा येथें राष्ट्रांनीं जें केलें तें पवनींत आपण करावें. कोष्ट्यांनीं एकेकट्यानें व्यापाऱ्याची पायरी न चढतां सहकारी संस्थेमार्फत भाव ठरवावा. २००६ सालीं सुरू झालेला हँडलूम मार्क आपल्या वस्त्रांस मिळवून घ्यावा. व्यापाऱ्यांनीं त्या खुणेवांचून हातमागाचें नांव घेऊं नये. आणि सरकारानें वाटाघाटीस बसण्यापूर्वीं विणकरांच्या संस्थांचें म्हणणें ऐकून घ्यावें. दिल्लीनें परदेशांत एकीची भाषा बोलावी आणि पवनींत मात्र प्रत्येक माग एकटा असावा, हें आम्हांस मान्य नाहीं.