कानातील हातोडी आणि ऐरण

लोहार ऐरणीवर घण घालीत असता दुरून पाहिले, तर घाव आधी दिसतो आणि त्याचा नाद मागाहून ऐकू येतो. हवेतून ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर इतक्याच वेगाने येतो. हवेचे कण जागच्या जागी मागेपुढे हालतात. पुढे सरकतो तो केवळ दाबातील चढउतार. हा चढउतार सेकंदास २० ते २०,००० वेळा होत असेल, तरच मनुष्याच्या कानास तो जाणवतो.

आपल्या कानातही एक हातोडी व एक ऐरण आहे. कर्णपटल कंप पावले, की हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ते कंप आंतरकर्णाच्या खिडकीपर्यंत पोचवितात. खिडकीपलीकडे द्रव आहे. हवेतील ध्वनी थेट द्रवावर आदळला, तर बहुतांशी परत फिरेल. परंतु खिडकी कर्णपटलाहून कितीतरी लहान असल्यामुळे मोठ्या पडद्यावरील जोर लहानशा जागी एकवटतो व द्रव हालू लागतो.

हा द्रव गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत असतो. तिच्यात सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक पातळ पटली असते. भिन्न स्वर कान कसे निवडतो, हे गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने मृतांच्या कानांतील ही पटली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शोधले. ध्वनीची लाट पटलीवरून धावते. उंच स्वराची लाट खिडकीजवळच शिगेस पोचते, खालच्या स्वराची दूरच्या टोकाकडे. या संशोधनास १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पटलीवर सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्यांचे केस झुकले, की मेंदूकडे विद्युत्संदेश निघतो. वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात राहणाऱ्याच्या केशपेशी मरू लागतात. आरंभी सेकंदास सुमारे ४,००० कंपनांच्या आसपासच्या स्वरांचे ज्ञान मंदावते. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात. बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. आणि दोष बोलणाऱ्याचाच वाटतो.

पक्ष्यांच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, असे १९८० नंतरच्या दशकात आढळले. मनुष्याच्या कानात त्या उगवत नाहीत. म्हणून गोंगाटात काम करणाऱ्याने कानात घातलेला बोळा ही चैन नव्हे. जे एकदा गेल्यावर परत येत नाही, त्याचे ते रक्षण आहे.