गादीखाली ऐकू येणारं हृदय

पाठ टेकून अगदी स्वस्थ पडलो, तरी आपण हलतच असतो! हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतं आणि त्या झटक्याने अख्खं शरीर, बंदूक झाडल्यावर खांदा मागे जावा तसं, केसाएवढंही नाही इतकं उलट दिशेला सरकतं. 1877 साली जे. डब्ल्यू. गॉर्डन यांना हे वजनकाट्यावर दिसलं. माणूस निश्चल उभा, पण काटा नाडीच्या तालावर थरथरतोय. पुढे आयझॅक स्टार यांनी फिलाडेल्फियात टांगत्या पलंगावर माणसाला निजवून ही थरथर कागदावर उतरवली. मग ईसीजी आणि अल्ट्रासाऊंडपुढे ही विद्या मागे पडली.

ती परत आली, आणि त्यातला एक रस्ता बंगळूरूतून जातो. आयआयटीत शिकलेले मुदित दंडवते आणि गौरव परचानी यांनी 2015 मध्ये तिथे ‘डोझी’ ही कंपनी काढली. त्यांची संवेदक बसवलेली पातळ पट्टी छातीच्या पातळीवर गादीखाली सरकवायची, बस्स. गादीतून झिरपणाऱ्या कंपनांतून संगणक मंद लयीचा श्वास वेगळा काढतो, झरझर लयीचे ठोके वेगळे काढतो. अंगाला एकही वायर नाही! स्मृतिभ्रंश झालेल्या आजी चिकटवलेली प्रत्येक वायर ओढून काढतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल.

पण मला याहून मोठं नवल वाटतं ते पुढच्या पाच मिनिटांचं. रात्रपाळीच्या केअरटेकरच्या फोनवर इशारा येतो: श्वास मिनिटाला 18 होते, आता 26. कशामुळे, ते पट्टीला माहीत नाही. ताप, साचलेला कफ, दुखणं, भीती, काहीही असेल. आता केअरटेकर बाईंनी उठून आजींच्या खोलीत जायचं. दिवा लावायचा, पण डोळ्यांवर नाही. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट छातीचं वर-खाली होणं मोजायचं. मानेचे स्नायू ओढले जातायत का, ओठांचा रंग कसा आहे, हाक मारल्यावर आजी संध्याकाळसारखंच उत्तर देतात का, हे बघायचं. म्हाताऱ्या माणसाच्या न्यूमोनियात कधी कधी तापच नसतो. नुसती बडबड वाढते किंवा झोपाळूपणा येतो. मग नर्सला फोन, आणि फोनवर “बरं वाटत नाहीये” असं मोघम नाही: “दोन तासांपूर्वी 18, आता 26, मला ओळखलं नाही.”

या कामाचं खरं प्रशिक्षण म्हणजे हे. यंत्र विकायला आलेल्या माणसाने तासभर बटणं दाखवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. चादर बदलताना पट्टी सरकली की आकडे बिघडतात. नखांना रंग असला किंवा बोटं गार पडली असली की ऑक्सिमीटर फसतो. महागडं यंत्र आपल्या हातून मोडेल या धास्तीने नवी मुलगी त्याला हातच लावत नाही. तिचा हात धरून, तिच्या भाषेत, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. शिवाय इशारे फार झाले की कान मरतात, म्हणून कुणासाठी कितीवर इशारा वाजावा हे डॉक्टरांनी ठरवावं आणि ते का ठरलं हे तिलाही सांगावं.

शिकवणारे लोक बंगळूरूत आहेत. 1998 पासून वृद्धांसाठी काम करणारा नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट कस्तुरीनगरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी केंद्र चालवतो आणि सेवा करणाऱ्यांना प्रशिक्षणही देतो. अशा ठिकाणी कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं आधी, यंत्र त्यानंतर. हाच क्रम मला बरोबर वाटतो. दर दोन तासांनी कूस बदलायची आठवण फोन करून देईल, पण माकडहाडावरची लाल झालेली, दाबल्यावरही पांढरी न होणारी कातडी बाईंच्याच नजरेला पडते.

नोकरीसाठी बंगळूरूत गेलेल्या मुलांमागे अनेक मराठी आईवडीलही तिकडे राहायला गेले आहेत. त्यांच्यासाठी वृद्धसेवा केंद्र बघायला गेलात, तर भिंतीवरचा स्क्रीन पाहून परत फिरू नका. रात्री इशारा कुणाच्या फोनवर येतो, मागच्या वेळी आला तेव्हा काय केलं आणि हे कुणी शिकवलं, एवढं विचारा. आणि उत्तर व्यवस्थापकाकडून नको, रात्रपाळीच्या बाईंकडूनच ऐका.