सोडलेल्या माशाचा हिशेब

फ्लोरिडाच्या कीज बेटांवर हौशी मंडळी चार-पाच दिवसांसाठी वाटाड्या ठरवून बोनफिश गळाला लावतात आणि कायद्याप्रमाणे प्रत्येक मासा परत सोडतात. माझ्यासारख्या मासेखाऊला हे कोडेच वाटले, म्हणून शोध घेतला. उथळ पाण्यात वाटाड्या इंजिन बंद करून लांब काठीने होडी ढकलतो. भरतीबरोबर चरायला आलेला मासा बहुधा त्यालाच आधी दिसतो. पण त्याची खरी कसोटी पुढे आहे. झुंजीने दमलेला, हवेत फार वेळ धरलेला मासा सोडल्यावर तोल गमावतो आणि शार्कच्या तोंडी जातो. म्हणून जाणता वाटाड्या मासा पाण्यातच ठेवून गळ काढतो, फोटोचा मोह आवरायला लावतो. 40 इंचांहून मोठा टार्पन तर खास परवान्याशिवाय पाण्याबाहेर काढायलाच बंदी आहे. सोडलेला मासा जगला, तरच सोडण्याला अर्थ.